पाचवं रीळ

योरुननं चौथं नाव इतक्या जोरानं खोडलं, की पेन्सिलीचं टोक मोडून टेबलाखाली उडालं आणि कागदाला भोक पडलं.

"झालं," हालदिस म्हणाली. "आता यादीत चौथ्या नंबरावर भोक."

"तूच म्हणालीस ना, खोड म्हणून!"

"मी म्हटलं, पुन्हा विचार कर. खोड कुठं म्हटलं?"

योरुननं पेन्सिल खाली ठेवली. समोर बसलेली ही बाई तिची नणंद होती. वय वर्षं एकोणऐंशी. गेली पंचावन्न वर्षं दर सोमवारी आणि शुक्रवारी ती चार वाजता याच खुर्चीत येऊन बसत होती. आधी सोरवोगच्या मासळी कारखान्यातून फेरीबोटीनं परतताना, आणि कारखान्यातलं काम सोडल्यावरही त्याच वेळेला, जणू भोंगा अजून वाजतो आहे. इतक्या वर्षांत माणूस दारात ठेच लागणाऱ्या दगडाशीसुद्धा जुळवून घेतो. हालदिसशी जुळवून घेणं अजून चालूच होतं.

यादी वाचनालयातल्या मारेनला हवी होती. बंदरावर नवं संस्कृतीभवन उभं राहिलं होतं आणि त्यातल्या छोट्या सभागृहाला आर्नफिनचं नाव द्यायचं ठरलं होतं. आर्नफिन म्हणजे योरुनचा नवरा आणि हालदिसचा थोरला भाऊ. जन्मभर त्यानं फिरता सिनेमा चालवला. यंत्र, पडदा आणि रिळांचे डबे घेऊन बेटाबेटांवर जायचं, शाळेच्या व्यायामशाळेत पडदा टांगायचा, खेळ दाखवायचा आणि सकाळच्या फेरीनं पुढच्या गावी. इथं, ग्रोसुंदमध्ये, खेळ असला की दाराशी टेबल मांडून तिकिटं फाडायचं काम योरुनचं. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

उद्घाटन येत्या शनिवारी होतं. मारेनच्या डोक्यातून अशी कल्पना निघाली होती, की योरुननं एकाच सालातले, एकोणीसशे सदुसष्टमधले, आपले आवडते पाच सिनेमे निवडायचे. सदुसष्टच का, तर पुढच्या वर्षी डोंगरावर टीव्हीचा खांब उभा राहिला आणि लोक आपापल्या घरात आपापल्या खोक्यासमोर बसायला लागले. यादीतला पहिला सिनेमा शनिवारी दाखवायचा. यादी गुरुवारपर्यंत द्यायची.

"तुमच्याइतकं इथं कुणाला आठवतं, योरुन?" मारेन म्हणाली होती.

यात खुशामत नव्हती. कोणत्या साली कोणाची गाय धक्क्यावरून पाण्यात पडली, कोणता पाद्री प्रवचनात शिंकायचा, कोणाच्या लग्नात केक घसरला, यावरून गावात वाद झाला की तो योरुनच्या स्वयंपाकघरात येऊन मिटायचा. तिनं सांगितलं की संपलं. अलीकडे मात्र दोनदा बटाट्यांचं पातेलं करपलं होतं. आणि दोन्ही वेळा मुलीचा, इंग्विलचा, फोन चालू होता. त्यामुळे ट्रॉन्हाइममध्ये बसून तिला इथला धूर दिसला होता.

"वाफल गार होतेय," योरुन म्हणाली. "खा, म्हणजे निदान तेवढा वेळ गप्प बसशील."

हालदिसनं पिशवीतून करड्या लोकरीचा मोजा काढला आणि मोज्यातून कप. जाड, निळ्या काठाचा, कान तुटलेला कप. जिथं जाईल तिथं हा कप तिच्याबरोबर जायचा. लग्नाला, बारशाला, चर्चच्या कॉफीला, मयतालासुद्धा.

"माझ्या घरात कपांचा दुष्काळ पडलाय का गं?"

"सवय झालीय."

"आणि त्या मोज्याच्या टाचेला केवढं भोक पडलंय. फेकून दे की, बाई."

"अजून टिकेल," हालदिस म्हणाली आणि तपकिरी चीजचा पातळ पापुद्रा वाफलवर नीट बसवायला लागली. या कामाला ती नेहमी एवढा वेळ लावायची, की बघणाऱ्याला वाटावं, खिडकीला काच बसवतेय.

"हं. तर घोड्याचा सिनेमा दुसरा," योरुननं सुरीनं पेन्सिलीला टोक काढत म्हटलं. "तो डाकू नदी ओलांडतो, तो."

"तपकिरी घोड्यावरून."

"तपकिरी?"

"तपकिरीच. कपाळावर पांढरा ठिपका."

"हालदिस, सिनेमा काळा-पांढरा होता. त्यात तुला तपकिरी घोडा कुठून दिसला?"

"मला दिसला."

योरुननं सुरी खाली ठेवली, कारण ती हातात असणं बरं नव्हतं. मग तिसऱ्यावरून झालं. तो पाद्री शेणखड्ड्यात पडतो तो विनोदी सिनेमा हालदिसला आठवतच नव्हता, आणि आठवत नसूनही तो तिला आवडला नव्हता. चौथ्या जागी योरुनला तो इटालियन हवा होता, ज्यात सगळं घर पहिल्यापासून शेवटपर्यंत जेवत असतं आणि शेवटी कळतं की म्हातारा तर सकाळीच गेलाय. "लोकांना भूक लागेल," हालदिस म्हणाली. हेच ते खोडलेलं नाव.

पहिल्या नंबरावर मात्र दोघींत एका शब्दाचा वाद झाला नाही. तिथं योरुननं पहिल्याच दिवशी लिहून मारेनला कळवलंही होतं: धक्क्यावरची माणसं.

तो त्या सालच्या मार्च महिन्यात लागला होता. फेब्रुवारीत हालदिसचा नवरा एडविन मासेमारीला गेला होता. होडीवर तिघं होते. होडी सापडली नाही, तिच्या मासळीच्या कप्प्याच्या झाकणाची एक फळी तेवढी सापडली. हालदिस चोवीस वर्षांची होती. तीन आठवडे ती खिडकीशी बसून होती आणि ताटातलं जसंच्या तसं परत जात होतं. शेवटी योरुनचाच धीर सुटला. "चल. चार माणसांत ये. आर्नफिनचा खेळ आहे," असं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं नणंदेच्या कोटाची बटणं लावली आणि तिला शाळेत नेऊन तिसऱ्या रांगेत बसवलं. सिनेमा कशाचा आहे, याची तिला काडीची कल्पना नव्हती. तो निघाला मासेमारांचाच. पडद्यावर वादळ उठलं, तेव्हा दाराशी उभ्या योरुननं हातातली तिकिटं चुरगाळली. आपण हे काय करून बसलो! पण मग होडी परत आली. धक्क्यावर अॅकॉर्डियन वाजलं, नाच झाला, नायकानं बायकोला उचलून गरकन फिरवलं आणि तिच्या एका पायातला बूट पाण्यात पडला. सगळी व्यायामशाळा उभी राहून टाळ्या वाजवत होती. घरी जाताना बर्फातून चालता चालता हालदिस एवढंच म्हणाली, "ते परत आले, योरुन." आणि त्या रात्री ती माशाच्या दोन वड्या खाऊन झोपली.

योरुनच्या आयुष्यात तिनं ठरवून केलेल्या आणि बरोबर निघालेल्या गोष्टी काही फार नव्हत्या. ही एक होती.

मंगळवारी सकाळी मारेनचा फोन आला.

"योरुन, तुमच्या पहिल्या सिनेमाबद्दल जरा... तुम्ही लिहून दिलंय ना, की शेवटी होडी परत येते आणि नाच होतो?"

"होतोच."

"ऑस्लोहून मी माहिती मागवली. त्यात लिहिलंय, की होडी परत येत नाही. ती बाई विधवा होते."

"मग ऑस्लोला चुकीचं माहीत आहे."

"नाही म्हणजे... त्यांच्याकडे सिनेमाच आहे."

"माझ्याकडे डोळे होते," योरुन म्हणाली. "आणि हालदिसलाही विचार. ती तिसऱ्या रांगेत होती."

फोन ठेवून अर्धा तास होतो न होतो, तोच इंग्विलचा आला. इंग्विल आणि मारेन शाळेत एका बाकावर. एकीकडची बातमी दुसरीकडे पोचायला वेळ लागत नसे.

"आई, उद्या अकरा वाजता नर्स येणार आहे. लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे का, हे विचारायला रोज फोन करतेस. विसरणार कशी?"

"चिडू नकोस. ती चार प्रश्न विचारील, कागदावर घड्याळ काढायला सांगील. आणि आई... मी तिला सिनेमाचंही सांगणार आहे."

"सिनेमाचा काय संबंध?"

"तुला अख्खा शेवट वेगळाच आठवतोय. पातेलं करपणं एक वेळ सगळ्यांचंच होतं. पण हे, तू इतकी खात्रीनं सांगतेस आणि ते तसं नसतंच... हे मला जास्त काळजीचं वाटतं. चर्चजवळच्या त्या वृद्धांच्या घरांमध्ये वसंतात एक खोली रिकामी होतेय. नर्सचं मत लागतं त्यांना."

चर्चजवळच्या घरांतून समुद्र दिसत नाही. तिथल्या खिडक्यांतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. योरुननं हे बोलून दाखवलं नाही.

"मी बरोबर आहे की नाही, ते आज ठरेल," ती म्हणाली. "मारेनला म्हणावं, तो सिनेमा घेऊन ये."

मारेन दुपारी आली. आपला कॉम्प्युटर तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर, वाफलच्या ताटलीशेजारी उघडून ठेवला, कोणती कळ दाबली की थांबतं ते दोनदा दाखवलं आणि नातीला बालवाडीतून आणायला निघून गेली. योरुननं चष्मा पुसला. ताठ बसली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसावं तशी.

सगळं ओळखीचं होतं. ती खाडी, ती नायिकेची रुंद जिवणी, सासूचा तो काळा रुमाल. तासाभरानं होडी आली. अॅकॉर्डियन. नाच. नायकानं तिला उचललं, गरकन फिरवलं, आणि बूट पाण्यात.

"बघ!" योरुन मोठ्यानं म्हणाली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. "बघ, काय म्हणत होते मी!"

पण सिनेमा संपला नाही. नाच संपून दुसरा हंगाम सुरू झाला. माणसं पुन्हा समुद्रावर गेली. आता ते वादळ आलं. तेच, पडदा हलवून टाकणारं, सासूच्या हातातला कंदील विझवणारं. मग हिवाळा. ती बाई एकटी धक्क्यावरून घरी येते, ओला रुमाल सोडते. मांडणीवरून एक कप उचलते, थोडा वेळ हातात धरते, उलटा करते आणि फडताळात मागे, पार भिंतीपर्यंत सारते. दार लावते. पडद्यावर 'समाप्त'.

योरुन कितीतरी वेळ काळ्या काचेकडे बघत बसली. काचेत तिचाच चेहरा दिसत होता आणि तो तिला आवडला नाही.

म्हणजे चूक तिची होती. चांगली उभी, आडवी, साक्षीपुराव्यानिशी चूक. चर्चजवळची खोली, गाड्या उभ्या करायची जागा.

पण एक गोष्ट तिला उमगेना. विसरलेली गोष्ट पुन्हा समोर आली की आत कुठंतरी खुट्ट होतं. अरे हो, असं म्हणावंसं वाटतं. तिनं पुन्हा मागे जाऊन ते फडताळ बघितलं. तो कप बघितला. खुट्ट झालं नाही. हे फडताळ ती विसरली नव्हती. हे फडताळ तिनं कधी बघितलंच नव्हतं.

खिडकीखालच्या बाकाच्या पेटीत आर्नफिनच्या वह्या होत्या. बाकावर चढलेल्या उश्या, उश्यांवर चढलेली मासिकं, सगळं उतरवण्यात तिची कंबर धरली आणि मेलेल्या नवऱ्याला तिनं दोन शब्द सुनावले. प्रत्येक खेळाची तो एक ओळ लिहायचा. तारीख, गाव, रिळांचे क्रमांक, यंत्र कसं चाललं. सदतीस वर्षं त्यानं जवळजवळ एकच शब्द लिहिला होता: ठीक. घरी बोलायचाही साधारण तेवढंच.

सदुसष्टची वही तिला लवकर सापडली.

'१४ मार्च. लांगनेस. १, २, ३, ४, ५. लोक गप्प घरी गेले.'

'१५ मार्च. ग्रोसुंद. १, २, ४, ३. पाचवं लावलं नाही. हालदिस आली होती.'

'१६ मार्च. सोरवोग. १, २, ३, ४, ५. ठीक.'

योरुननं वही मांडीवर ठेवली.

त्या काळी यंत्र एकच असायचं. एक रीळ संपलं की दिवे लागायचे, लोक थरमासातून कॉफी ओतायचे, तोवर आर्नफिन पुढचं रीळ चढवायचा. आता तिला आठवलं. हे मात्र खुट्ट करून आठवलं. दुसरं रीळ संपलं होतं, दिवे लागले होते, आणि तो हातात डबा घेऊन नुसता उभा होता. तिसऱ्या रांगेकडे बघत. ती त्याच्याकडे गेली होती आणि दातओठ खाऊन म्हणाली होती, "लोक खोळंबलेत. उभ्या उभ्या झोपलास का?" तो म्हणाला होता, "यंत्र जरा अडकलंय." आणि हातातला डबा खाली ठेवून त्यानं त्याच्या खालचा घेतला होता.

वादळ आधी लावलं त्यानं. मग नाच. मग दिवे लावून म्हणाला, "संपलं." 'समाप्त' अशी पाटी आली नाही, हे टाळ्यांच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि सेहेचाळीस वर्षं तिच्या शेजारी झोपून, तिच्यासमोर जेवून, तिनं गावभर तो नाच रंगवून सांगितलेला ऐकून हा माणूस एक अक्षर बोलला नाही!

"मुखदुर्बळ कुठला," योरुन म्हणाली. तिनं वही खाडकन मिटली.

पाच वाजता मारेन कॉम्प्युटर न्यायला आली, तेव्हा वही टेबलाच्या खणात गेलेली होती.

"बघितलात?" मारेननं हळूच विचारलं. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाली, "आर्नफिनचं काही मिळालं का हो घरात? वह्या, कागद? काचेच्या पेटीत ठेवायला काही जुनं हवं होतं. लोक थांबून वाचतात."

लोक थांबून वाचतात. लोकांत हालदिस पहिली असणार. ती प्रदर्शनात प्रत्येक पाटी बोट ठेवून वाचायची, अग्निशामकाच्या सूचनासुद्धा.

"नाही," योरुन म्हणाली. "त्याला लिहायचा कंटाळा."

बुधवारी अकराला नर्स आली. पंचविशीची मुलगी, गालांवर वाऱ्याची लाली, बूट दाराबाहेर काढून लोकरी मोज्यांवर आत आली. इंग्विल फोनवर होती. फोन साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवला होता. योरुननं घड्याळ काढलं, त्यात सांगितल्याप्रमाणे अकरा वाजून दहा मिनिटं दाखवली आणि वर सेकंदकाटाही काढला. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते. तिनं ते सांगितले आणि नर्सनं कोणत्या क्रमानं उच्चारले होते तेही सांगितलं.

"छान," नर्स हसली.

"त्या सिनेमाचं विचारा," साखरेच्या भांड्याकडून आवाज आला.

"हो. मुलगी म्हणाली, एका सिनेमावरून जरा गोंधळ झाला. तुम्हाला शेवट वेगळा आठवत होता?"

योरुनचा गुडघा टेबलाच्या खणाला टेकला होता. खण उघडायला एक बोट पुरलं असतं. वही काढायची, पंधरा मार्चवर बोट ठेवायचं, आणि नर्सनं, इंग्विलनं, मारेननं, ऑस्लोनं, सगळ्यांनी मिळून ती ओळ वाचायची. मग आयुष्यात पुन्हा कुणी तिला घड्याळ काढायला सांगितलं नसतं. आर्नफिनची ती ओळ काचेखाली गेली असती, वर्तमानपत्राचा वार्ताहर आला असता. आणि शनिवारी, पहिल्या रांगेत बसून, एका म्हातारीला कळलं असतं, की तिला परत आणून दिलेली होडी तिच्या भावानं डबे बदलून आणली होती.

तिनं गुडघा मागे घेतला.

"चुकले मी," योरुन म्हणाली.

फोनवर इंग्विल भांडायच्या तयारीनं बसली होती. तिचा तोल गेल्यासारखा झाला.

"आई?"

"ऐकलंस ना? चुकले. दोन सिनेमांची भेळ झाली असेल डोक्यात. होतं या वयात."

नर्सनं मान हलवली आणि कागदावर लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. योरुन तिच्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. मग उठून तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं. ते मुळीच करपलं नव्हतं, पण आता ते कोण लिहून घेणार?

गुरुवारी तिनं मारेनला यादी दिली. पहिला, डाकू नदी ओलांडतो तो. दुसरा शेणखड्ड्याचा. तिसरा इटालियन, सन्मानानं परत घेतलेला. चौथा आणि पाचवा, आता तिच्या मनात रागाशिवाय काही उरलं नव्हतं म्हणून, जे आधी आठवले ते.

"आणि 'धक्क्यावरची माणसं'?" मारेननं विचारलं.

"यादीत नाही."

"पण शेवट कसाही असला तरी—"

"मारेन, तुला पाच हवे होते. मोज. पाच आहेत."

शुक्रवारी चार वाजता दार वाजलं. हालदिसनं बूट काढले, कोट टांगला, खुर्चीत बसली आणि वाचनालयातून आणलेलं छापील पत्रक पिशवीतून काढून टेबलावर पसरलं. बोट ठेवून वाचलं. पहिल्या ओळीवर बोट थांबलं.

"घोड्याचा? पहिला?"

"तपकिरी घोड्याचा," योरुन म्हणाली. "बास? खूश?"

हालदिस खूश दिसली नाही. तिनं बोट पाचव्या ओळीपर्यंत नेलं, पान उलटून मागे बघितलं, पुन्हा सरळ केलं.

"आपला तो नाही."

"मारेन म्हणते, ऑस्लोची प्रत खराब आहे. मध्येच तुटते. कशाला लोकांना ताटकळत ठेवायचं?" योरुननं पाठ फिरवून किटली उचलली. खोटं बोलताना किटलीचा उपयोग होतो. "आणि ऐक, लोक काहीबाही बोलतील. योरुनला आता धड आठवत नाही म्हणतील. बोलू देत. त्यांच्याशी भांडत बसू नकोस."

"तुला आठवत नाही?"

"नाही आठवत. झालं?"

हालदिस काही बोलली नाही. हे इतकं नवलाचं होतं, की योरुननं वळून बघितलं. हालदिस पिशवीतून मोजा काढत होती. मोज्यातून कप निघाला. तिनं तो दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला आणि तुटलेला कान स्वतःकडे वळवून घेतला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मलाही तो परत बघायचा नव्हता."

"का? तुला तर आवडला होता."

"नाच आवडला होता." हालदिसनं चीजचा पापुद्रा उचलला, वाफलवर बसवला, एक कोपरा सरळ केला. "शेवटी ती बाई त्याचा कप उलटा करून फडताळात मागे सारते ना, दुसऱ्या दिवशी सोरवोगला बघितलं मी, ते नाही पटलं मला कधी. कशाला मागे सारायचा? चांगला कप असतो."

किटली योरुनच्या हातात तशीच राहिली.

"आर्नफिनला मी कधी बोलले नाही हे," हालदिस म्हणाली. "तो किती खूश होता त्या संध्याकाळी." आणि तिनं कप पुढं सरकवला. "ओत की. गार होतेय."

योरुननं कॉफी ओतली. कप काठोकाठ भरला, निळ्या रेघेच्याही वर, आणि थोडी टेबलावर सांडली. ती पुसायला फडकं घेताना तिचं लक्ष मोज्याकडे गेलं. जाड करडा मोजा होता, पुरुषाच्या मापाचा. पंचावन्न वर्षांत तिनं कधी माप बघितलं नव्हतं.

ती खुर्चीत बसली. बराच वेळ दोघी वाफल खात राहिल्या.

"दे तो इकडे," शेवटी योरुन म्हणाली.

"काय?"

"मोजा. टाचेला केवढं भोक पडलंय, तुला दिसत कसं नाही? तपकिरी घोडा दिसतो बरोबर." तिनं शिवणाचा डबा पुढ्यात ओढला आणि सुईत ओवायला करडी लोकर शोधायला लागली. "दे. रफू करते."